घंटेपर्यंत पाणी

गावदेवीची आण! आख्ख्या आळीला ऐकू जाईल अशी ओरडून सांगते, यातला शब्दनशब्द खरा हाय. खोटं निघालं तर ह्या बयाबाईची जीभ झडो!

माझी नात तेजश्री, नववीतली. मे महिन्यात महाडात कोडिंगचा कॅम्प लागला, तिथं जायची. पोरांनी आपापल्या गावाच्या कामाचं कायतरी बनवायचं होतं. हिनं पुराचा भोंगा घेतला. पाणी ठरल्या खुणेला टेकलं, की कम्प्युटरनं भोंगा वाजवायचा.

"आजी, मोठ्या पुरात सावित्रीचं पाणी कुठवर आलेलं?"

आता मला कुणी गोष्ट विचारली न् मी ती कोरडी वाढली, असं झालंय का कधी? म्हटलं, "देवळाच्या घंटेपर्यंत गो! लाटेनं घंटा आपसूक वाजायला लागली. एक मगर आली न् देवीचा नैवेद्य खाऊन गेली."

"मगर राहू दे. घंटेपर्यंत नक्की?"

"ह्या डोळ्यांनी बघितलंय."

पाणी आलेलं देवळाच्या पहिल्या पायरीला. तेवढ्या पाण्यातच खालच्या आळीतली घरं बसली. पण पायरी म्हटलं तर कोण ऐकतंय?

शेवटच्या दिवशी घरच्यांना बोलावलं होतं. तेजश्रीनं टबात आमची वाडी मांडलेली. पुठ्ठ्याची घरं, देऊळ, घंटा, घंटेशी बांधलेली भोंग्याची तार. शिकवणाऱ्या दीक्षा मॅडम पाणी ओतायला लागल्या. पायरी बुडाली. खालची आळी बुडाली. आमचं घर तरंगायला लागलं. भोंगा आपला गप्प.

"तेजश्री, तुझा भोंगा पोहायला गेला काय गो?" स्वराज नावाचं एक कार्टं बोललं. आख्खा वर्ग हसला.

मॅडमनी विचारलं, "खूण इतकी वर का लावलीस? कोणी सांगितलं तुला?"

"माझ्या आजीनं. तिनं स्वतः बघितलंय." पोर ताठ मानेनं म्हणाली, "असल्या गोष्टीत आजी खोटं नाय बोलायची."

सगळे माझ्याकडे वळले. मी उठले, पदर खोचला न् म्हटलं, "मॅडम, पोरीनं कम्प्युटरला नीट शिकवलंय. पोरीला मी खोटं शिकवलं. तार पायरीला बांधा." तार खाली आली, परत पाणी ओतलं, न् भोंगा असा बोंबलला की पोलादपुरातली कुत्री भुंकली.

बरं, एक गोष्ट मी पदरची घातलीय. कुत्र्यांचं म्हणत असाल तर ते सोडा. मी उठलेच नाय. तोंडाला पदर लावून बसून राहिले. तेजश्रीनं एकदाच माझ्याकडे बघितलं न् मॅडमना म्हणाली, "माझंच चुकलं." तार तिनं आपणच खाली बांधली.

येताना एसटीत माझ्या खांद्यावर डोकं टेकून म्हणाली, "आजी, ती मगरीची गोष्ट सांग ना."