घोडा एकाकडे, स्वार दुसऱ्याकडे

धाकट्याच्या दुकानात एक स्वार होता, पण त्याला घोडा नव्हता. जुन्या काळच्या घोडदळातला वीतभर उंचीचा कर्णेकरी. उजव्या हातात ओठांशी नेलेला कर्णा, डावा हात लगाम धरल्यासारखा अर्धवट मिटलेला, आणि दोन्ही पाय फाकलेले. घोड्यावाचून तो उभाही राहू शकत नव्हता. म्हणून धाकट्याने त्याला औषधाच्या रिकाम्या बाटलीवर बसवलं होतं, आणि गेली सहा-सात वर्षं तो तिथेच ठाण मांडून होता. दुकानाची पाटी रंगवून घ्यायला आलेली गिऱ्हाइकं विचारायची, हा कुठे निघालाय? धाकटा हातातला ब्रश न थांबवता म्हणायचा, खोकल्याचं औषध आणायला.

घोडा थोरल्याकडे होता. थोरल्याचं चष्म्यांचं दुकान गावाच्या दुसऱ्या टोकाला, आणि दुकानाच्या वरच घर. तिथे खिडकीजवळच्या टेबलावर काचेच्या पेटीत पांढरा घोडा, पाठीवर मोकळं खोगीर.

दोघा भावांना लहानपणापासून हा नाद. असे सैनिक पेटीतून सुट्या भागांनी येतात. धड वेगळं, हात वेगळे, टोपी वेगळी, तलवारीची मूठसुद्धा वेगळी. ते घासायचे, जुळवायचे आणि मग रंगवायचे. थोरला मोजून मापून करणारा. नादिष्टांच्या मंडळात त्याला सगळे फुटपट्टी म्हणत. कुठल्या पलटणीच्या कोटाला किती गुंड्या हे तो झोपेतही सांगेल. धाकट्याला गुंड्यांशी फारसं देणंघेणं नव्हतं, पण त्याने रंगवलेल्या कापडाला हात लावून पाहावासा वाटे, आणि त्याच्या सैनिकांचे चेहरे आत्ता काहीतरी बोलतील असे असत. म्हणून घोडा-स्वाराची ही मोठी पेटी आणली तेव्हा वाटणी आपोआप झाली. घोडा आणि त्याचं सामान थोरल्याने करायचं, स्वार धाकट्याने.

काम अर्ध्यावर असतानाच बिनसलं. निमित्त राईएवढं. धाकट्याने सासऱ्यांना भेट म्हणून पायदळातला एक सैनिक करून दिला होता. सासरे खूश. त्यांच्या घरात पाहुण्यांची गर्दी, सैनिक मधोमध मांडलेला. थोरल्याने चष्मा कपाळावर सरकवला, खाली वाकून पाहिलं आणि सगळ्यांदेखत सांगितलं की पट्टा उलट्या खांद्यावरून घेतलाय, हा गडी खऱ्या फौजेत असता तर पहिल्याच दिवशी घरी पाठवला असता. लोक हसले. सासरेही हसले. धाकटा तेवढा हसला नाही. त्या दिवसापासून त्याने थोरल्याच्या घराचा जिना चढणं सोडलं. थोरल्यानेही बोलावलं नाही. एकाच आईच्या पोटची दोन माणसं, दोघांची नाकं सारखीच उंच.

मग एके दिवशी थोरल्याचा फोन आला. मंडळाचं प्रदर्शन ठरलंय, घोडा आणि स्वार एकत्र ठेवावेत असं वाटतं, सवड असेल तर ये. धाकट्याला बाकी काही नाही, ते 'सवड असेल तर' टोचलं. थोरल्याने जन्मात कधी त्याला सवड विचारली नव्हती. लहानपणी तो नुसती हाक मारायचा आणि धाकट्याने ताटावरून उठून जायचं.

रविवारी सकाळी धाकट्याने स्वाराला बाटलीवरून उतरवलं, चपलांच्या खोक्यात कापूस घातला आणि खोकं काखेत मारून निघाला. बायकोने विचारलं की आता भांडायला चाललात की मिटवायला. तो म्हणाला, बघू काय जमतंय ते. माफी वगैरे त्याला नको होती. त्याला पूर्वीचा थोरला हवा होता, आणि तो अजून शिल्लक आहे की नाही एवढंच त्याला बघायचं होतं.

थोरला दारातच उभा होता. म्हणाला, "या, बसा."

धाकटा बसला. सख्ख्या भावाने 'या, बसा' म्हटल्यावर दुसरं काय करणार. वहिनीने चहा आणला, मुलाबाळांची चौकशी झाली, दुकान कसं चाललंय ते झालं. थोरल्याचे केस बरेच पिकले होते. टेबल मात्र तसंच होतं. चिमटे एका रांगेत, ब्रश उंचीप्रमाणे, पुसायचं फडकं चौकोनी घडीचं.

खोकं उघडलं. थोरल्याने स्वाराला दोन बोटांत धरून उजेडाकडे फिरवलं आणि म्हणाला, छान. फारच छान. चेहरा तर काय, बोलका आहे.

धाकटा वाट पाहत राहिला. कौतुकानंतर थोरल्याचं 'पण' यायचंच. सूर्य उगवल्यावर सावली पडते तसं. या खेपेला 'पण' आलंच नाही.

थोरल्याने काच बाजूला केली. स्वाराच्या बुडाला एक तार होती, खोगिरात तिच्यासाठी भोक. इतक्या वर्षांनी, दोन वेगळ्या घरांत, रंगाचे इतके हात चढूनही स्वार खोगिरात असा बसला की मधून कागद सरकला नसता. थोरल्याचं माप ते. दोघे जरा मागे सरून पाहू लागले, आणि धाकट्याची नजर उजेडावर अडली.

एवढ्याशा वस्तूवर खरा उजेड मोठ्या माणसावर पडतो तसा पडत नाही. तो रंगाने दाखवावा लागतो. सूर्य कुठल्या बाजूला ते आधी ठरवायचं, मग त्या बाजूचा गाल, बाही, मांडी उजळ, आणि दुसऱ्या बाजूला सावली. एकदा ठरलं की टोपीच्या तुऱ्यापासून घोड्याच्या टापेपर्यंत सगळ्यांनी ते पाळायचं. थोरल्याच्या टेबलाची खिडकी डाव्या हाताला. त्याच्या घोड्याची डावी कूस दुधासारखी, उजवी निळसर राखाडी. धाकट्याच्या दुकानाचं दार उजव्या हाताला. त्याच्या स्वाराचा उजवा गाल लख्ख आणि डावी बाजू अंधारात. घोडा सकाळी निघाला होता आणि वरचा स्वार संध्याकाळी परतत होता. मंडळातल्या कोणीही खोलीच्या दारातून हे ओळखलं असतं.

धाकट्याने थोरल्याकडे चोरून पाहिलं. थोरला मान हलवत होता. सुंदर, म्हणाला. आता लगाम लावले की झालं.

हात धुवायचं निमित्त करून धाकटा स्वयंपाकघरात गेला. वहिनी कपबश्या विसळत होती. त्याने आवाज खाली करून विचारलं, "वहिनी, दादाचे डोळे कसे आहेत? नाही म्हणजे, स्वतः चष्मेवाला, दिव्याखाली अंधार नको."

"डोळ्यांना काय धाड भरलीय," वहिनी म्हणाली. "काल भाजीतला केस पलंगावर बसून दाखवला मला. भाजी टेबलावर होती, भाऊजी."

"मग गप्प का?"

वहिनीने कप पालथा घातला. तिने सांगितलं ते असं, की फोन करण्याच्या आठवडाभर आधीच त्यांनी मनाशी ठरवलंय, धाकट्याच्या कामाला पुन्हा म्हणून नाव ठेवायचं नाही. काहीही दिसो, छान म्हणायचं. परवा दाढी करताना आरशासमोर 'छान, छान' म्हणत होते, तिला वाटलं यांना काहीतरी झालं. "मलाही आधी बरं वाटलं," ती म्हणाली. "पण असं गोड ते गिऱ्हाइकांशी बोलतात. घरच्याशी नाही. असेच बोलत राहिले तर तुम्ही पुढच्या वेळी कशाला याल?"

धाकट्याने टॉवेलला हात पुसले. तिने बोलून दाखवली ती भीती त्याचीच होती. आज लगाम लागतील, जोडी प्रदर्शनात जाईल, चार लोक वाहवा करतील, आणि दोघे भाऊ एकमेकांना जपून, अदबीने, परक्यासारखे उरलेलं आयुष्य काढतील. भांडण निदान गरम तरी होतं. हे तर साफ थंड.

बाहेर येऊन त्याने खुर्ची टेबलाशी ओढली आणि म्हणाला, लगाम मी लावतो.

लगामाचे बारीक पट्टे थोरल्याने शिशाच्या पत्र्यातून कापून, तपकिरी रंगवून ठेवले होते. घोड्याच्या तोंडातल्या लोखंडाला वर एक कडी असते आणि खाली दांड्याच्या टोकाला दुसरी. रुंद पट्टा वरच्या कडीत, अरुंद खालच्या. दोन्हींची दुसरी टोकं स्वाराच्या डाव्या मुठीत. हे धाकट्याला माहीत नव्हतं अशातला भाग नाही. लहानपणी चूक केली की थोरल्याने फुटपट्टीने बोटांवर मारून हेच शिकवलं होतं.

त्याने अरुंद पट्टा चिमट्यात धरला आणि शांतपणे वरच्या कडीकडे नेला.

थोरला खाकरला. धाकट्याने वर पाहिलं नाही. थोरल्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्याची बोटं टेबलाच्या कडेवर वाजू लागली. धाकट्याने पट्टा कडीत ओवला, वर पीळही दिला. लगामाला पीळ पडलेला घोडा फौजेतच काय, टांग्यालाही कोणी जुंपणार नाही. थोरल्याच्या मानेवरची शीर टरारली. त्याने खिडकीबाहेर पाहिलं, छताकडे पाहिलं, आणि तोंडातल्या तोंडात म्हणाला, छान.

आता वाट पाहण्यात अर्थ नव्हता. धाकट्याने झटपट चिकटणाऱ्या डिंकाची बाटली उचलली. हा डिंक वाळायला तीन-चार श्वास पुरतात, मग पत्रा फाटेल पण सुटणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. त्याने टाचणीच्या टोकावर थेंब घेतला आणि सावकाश घोड्याच्या तोंडाशी नेला. तिथे जरा थांबला. मग टेकवला.

"अरे गाढवा, खालच्या कडीत!"

थोरल्याने एवढ्या जोरात झडप घातली की खुर्ची मागे पडली. पट्टा ओढायला गेला तो डिंकावर त्याचा अंगठाच चिकटला. आता तो टेबलावर वाकून उभा, अंगठा घोड्याच्या ओठाशी, हलायची सोय नाही. आणि अंगठा अडकला तसं तोंड मोकळं सुटलं.

"अरुंद पट्टा वरच्या कडीत घालतोस? इतकी वर्षं काय शिकलास? आणि पीळ? हा लगाम आहे की चपलेचा बंद? आणि तो उजेड. दोन सूर्य आणलेस कुठून? मघापासून डोळ्यांत माती गेल्यासारखं खुपतंय मला. टोपीची दोरी एवढी जाड, तिने घोडा बांधता येईल. भुवया तर ज्याने रंगवल्या त्याच्यासारख्याच, झुरळाच्या मिशा."

धाकटा ऐकत होता. त्याच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं, जसं फार दिवसांनी आपल्या घरच्या चुलीचा वास आल्यावर पसरतं. मग तोही सुटला. म्हणाला की सूर्य त्याचा नाही, थोरल्याचाच उलटा उगवलाय. काम सुरू केलं ते दोघांच्या लहानपणच्या जुन्या घरात, आणि तिथली खिडकी उजवीकडे होती. थोरला म्हणाला, डावीकडे. धाकटा म्हणाला, उजवीकडे, आणि तिच्या गजात तुझं डोकं अडकलं होतं, मी साबण लावून काढलं. थोरला म्हणाला, डोकं माझं नाही, तुझं.

साबणाचं नाव निघालंच होतं, तेवढ्यात वहिनी कोमट साबणाचं पाणी घेऊन आली. तिने थोरल्याच्या अंगठ्याभोवती ओला बोळा धरला आणि दोघांच्या मधे उभी राहिली. अंगठा सुटला, पण घोड्याच्या ओठाचा रंग घेऊनच. तिथे आता रंगाखालचं राखाडी अस्तर दिसत होतं.

थोरला अंगठा चोळत होता. मग घोड्याकडेच पाहत म्हणाला, "तो पट्टा चूकच होता. सासऱ्यांकडचा."

"माहीत आहे," धाकटा म्हणाला. "दुसऱ्याच दिवशी पुस्तकात पाहिलं मी."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू चारचौघांत बोललास म्हणून."

थोरल्याने मान हलवली. पडलेली खुर्ची उचलली आणि धाकट्याच्या शेजारी लावून बसला.

आता प्रश्न उजेडाचा. दोघांपैकी एकाला बदलणं भाग होतं. थोरला म्हणाला, पांढरा घोडा पुन्हा रंगवणं खायचं काम नाही. धाकटा म्हणाला, चेहरा काय खायचं काम आहे? शेवटी दोघेही एकदमच म्हणाले, बरं, मीच बदलतो. वहिनी पाण्याचं भांडं उचलत म्हणाली, आपापल्या घरी बसून दोघांनी बदललंत तर पुन्हा उलटंच होईल की.

हे मात्र खरं होतं. धाकट्याने रिकामं खोकं बंद केलं आणि सांगितलं की स्वार इथेच राहू दे, पुढच्या रविवारी येतो.

"सकाळी लवकर ये," थोरला म्हणाला. "आणि ते तुझे झाडूसारखे ब्रश आणू नकोस. इथे आहेत."

प्रदर्शनात त्या वर्षी जोडी गेली नाही. दुकानात औषधाची बाटली मोकळी दिसली तेव्हा एका जुन्या गिऱ्हाइकाने विचारलं, तुमचा स्वार कुठे गेला? धाकटा पाटीवरचं अक्षर भरत होता. म्हणाला, माझ्या थोरल्या भावाकडे, बोलणी खायला.