दोन खडकांमधलं पाणी

बिही आमच्या बेटाचा राखणदार होता. तेवीस वर्षं त्याने ते बेट सांभाळलं आणि तेवढ्या काळात स्वीऱ्या गावाच्या बंदरातल्या अर्ध्या माणसांशी वैर घेतलं. त्यातली एक मी.

दर उन्हाळ्यात दक्षिणेकडून काळसर ससाणे येतात आणि बेटाच्या कपारींत अंडी घालतात. पिल्लं उडेपर्यंत तिथे पाय ठेवायला बंदी. ही बंदी कागदावर सगळ्यांसाठी होती, आणि बिहीमुळे ती खरोखरच सगळ्यांसाठी झाली. माझा धाकटा भाऊ यिद्दर एकदा बेटाच्या खडकांवर शिंपल्या काढायला गेला. बिहीने त्याला पकडला, धक्क्यावर आणला, सगळ्या कोळ्यांदेखत मुस्काटात मारली आणि होडी जप्त केली. चार महिने होडी सरकारी आवारात उन्हात पडून राहिली. सुटली तेव्हा फळ्यांच्या फटींतून हात आरपार जात होता. यिद्दर अगादीरला डब्यांत मासे भरायच्या कारखान्यात निघून गेला. आईने त्याच्या चपला दाराशी तशाच ठेवल्या होत्या. बिही दिसला की मी रस्ता बदलायची.

जिलालीचंही तसंच. जिलाली पक्ष्यांचे फोटो काढायचा, परदेशी पाहुण्यांना पक्षी दाखवायला न्यायचा. एकदा तो पाहुण्यांना घेऊन चोरून बेटावर उतरला. बिहीने त्याला पाहुण्यांसमोर कॉलरला धरून होडीत ढकलला आणि वर म्हणाला, "घरटी उठवून फोटो काढतोस? तुझ्यात आणि अंडीचोरात फरक काय, सांग!" पाहुण्यांपैकी एकीला आमची बोली येत होती. तिने ते बाकीच्यांना समजावून सांगितलं. तेव्हापासून जिलाली धक्क्याच्या टोकावरून, चारशे पावलांवरून फोटो काढायचा, आणि त्यासाठी माझ्याकडून टेलिकन्व्हर्टर न्यायचा.

माझा फोटोंचा स्टुडिओ आहे, वडिलांपासूनचा. लग्नं, बारशी, ओळखपत्रांचे फोटो. कन्व्हर्टर मी समुद्रावरच्या शर्यतींसाठी घेतला होता. कॅमेरा आणि लांब पल्ल्याची लेन्स यांच्यामध्ये बसणारी मूठभर नळी ती. पाचशे मिलिमीटरची लेन्स हजाराची होते, दूरचं दुप्पट जवळ येतं. पण फुकट काही येत नाही. उजेड चौथाई उरतो, फोकस हाताने करावा लागतो, आणि आमच्या वाऱ्यात कॅमेऱ्याची तिवई जराशी थरथरली तरी सगळी मेहनत पाण्यात. शिवाय चौकटीत मावतं ते एवढंसं. आजूबाजूचं सगळं बाहेर राहतं.

सप्टेंबरातल्या एका दुपारी जिलाली धापा टाकत स्टुडिओत आला.

"हजिबाताई, कार्ड लाव. बघच तू."

पडद्यावर पहिला फोटो आला तो कन्व्हर्टर न लावता काढलेला. बेटाच्या अलीकडच्या खडकावर एक माणूस, आपल्याकडे पाठ, खांद्याला पिशवी. पलीकडच्या खडकावर बिही. दोन्ही खडकांच्या मधून डावीकडे समुद्र आत घुसलेला, पांढरा फेस उसळतोय. चांगलं साठ-सत्तर पावलांचं अंतर. बिहीने हात उगारला होता. ओरडत असणार.

"पिल्लं चोरतोय की हा!" मी म्हटलं. "आणि बिही ओरडतोय त्याच्यावर."

"आता पुढचा बघ."

पुढचा कन्व्हर्टर लावून काढलेला. तीच माणसं, तीच जागा. पण डावीकडचं पाणी चौकटीबाहेर गेलेलं. दोघं एकमेकांना चिकटून उभे. बिहीचा पुढे आलेला हात पिशवीच्या पट्ट्याला लागलेला दिसत होता. उन्हाच्या झळाळीत त्याचं उघडं तोंड ओरडल्यासारखं नाही, हसल्यासारखं दिसत होतं.

मी जिलालीकडे पाहिलं. तो माझ्याकडेच बघत होता.

"काय दिसतं?" त्याने विचारलं.

"पिशवी घेतोय, असं दिसतं."

"मी म्हटलं नाही हं. तू म्हणालीस."

"जिलाली, मधे पाणी आहे."

"कुठे पाणी?" असं म्हणून त्याने हात पुढे केला आणि माझ्यासमोर पहिला फोटो पुसून टाकला. "आता दाखव."

मी त्याला हाकलायला हवं होतं. मी म्हटलं, "मोठ्या आकारात छापायचाय का?"

आठवड्याभरात तो फोटो बंदरातल्या प्रत्येकाच्या फोनवर होता. त्या दिवशी तीन घरटी रिकामी झाली होती, हे बिहीनेच वनखात्याला कळवलं होतं. चोर त्याच्या हातून निसटला होता, कारण बिही मधलं पाणी पोहून जाईपर्यंत तो माणूस होडीत बसून गेला होता. आता लोक म्हणायला लागले, "स्वतःच विकायची आणि स्वतःच बोंब मारायची!" ज्यांच्या ज्यांच्या होड्या त्याने जप्त केल्या होत्या, त्यांना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. पोरं त्याच्यामागे ओरडायची, "पिल्लंविक्या! एक पिल्लू केवढ्याला?" धक्क्यावर सार्डिन मासे भाजणाऱ्याने त्याला बाकड्यावरून उठवला.

बिही माझ्या स्टुडिओत आला. तेवीस वर्षांत पहिल्यांदा. टोपी हातात.

"पोरी," तो म्हणाला, "तुला यंत्रातलं कळतं. मी त्या माणसाच्या जवळ नव्हतो. मधे पाणी होतं. मग फोटोत आम्ही चिकटलो कसे?"

मला एका वाक्यात सांगता आलं असतं. लांबून बघितलं की पुढचं-मागचं एकात एक शिरतं, काका, आणि कडेचं कापलं की पुरावाच उरत नाही. त्याऐवजी मी म्हटलं, "फोटो खोटं बोलत नाही म्हणतात."

त्याने टोपी टेबलावर ठेवली. मग म्हणाला, "तुझ्या भावाची होडी मी धरली होती, नाही का?"

"हो."

"त्याचा राग आहे."

"गिऱ्हाईक येतंय, काका. जरा बाजूला व्हा."

गिऱ्हाईक कुणीच नव्हतं.

चौकशीला माराकेशहून एक साहेब आला. बिहीने त्याला एकच विनवणी केली. मला त्या जागी उभा करा, दुसऱ्या कुणाला त्या चोराच्या जागी उभा करा, आणि परत फोटो काढा. साहेबाला हे पटलं. अडाणी माणसाला इतकी अक्कल असेल असं जिलालीला वाटलं नव्हतं. त्याचा चेहरा उतरला, पण क्षणभरच.

"काढू की," तो म्हणाला. "हजिबाताईलाही घेऊ. फोटोतलं कळणारं दुसरं माणूस साक्षीला हवं."

ठरलेल्या सकाळी वारा असा सुटला होता की बंदरात होड्यांच्या दोऱ्या किंचाळत होत्या. बिही आणि खात्याचा एक शिपाई आधीच खडकांवर जाऊन उभे राहिले होते. साहेब, जिलाली आणि मी एका होडीत बसलो.

"धक्क्यावरून नाही का काढायचा?" साहेबाने विचारलं.

"धक्क्याच्या टोकावर या वाऱ्यात तिवई टिकायची नाही, साहेब. आणि तिथून माणसं मुंगीएवढी दिसतात. त्या दिवशी मी कन्व्हर्टर लावला होता, तो हिचा." जिलाली माझ्याकडे वळला. आवाज एकदम गोड. "ताई, आणलायस का गं कन्व्हर्टर?"

तो माझ्या पिशवीत होता. सकाळी घरातून निघताना मी तो स्वतःच्या हाताने ठेवला होता. म्हणजे निघताना तरी माझ्या मनात काही बरं असणार. होडीत माझ्या मांडीवर त्याचा भार जाणवत होता. मी आवारात पडलेली ती वाळकी होडी आठवली. मुद्दाम आठवली.

"नाही," मी म्हटलं. "दुरुस्तीला कासाब्लांकाला पाठवलाय."

"मग जवळूनच काढू," साहेब म्हणाला. लाटांनी त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता, त्याला किनारा हवा होता.

होडी बेटाच्या कडेने वळली. तिथून दोन्ही खडक, मधली खाच आणि तीत उसळणारं पाणी उघड्यावर आलं. बिहीने आम्हाला पाहिलं आणि तो हात हलवून ओरडायला लागला. वाऱ्यात शब्द तुटत होते.

"धक्क्यावरून! अरे, धक्क्यावरून काढा! इकडून नाही!"

"काय म्हणतोय तो?" साहेबाने विचारलं.

"खुशीत आहे," जिलाली म्हणाला, आणि त्याने फोटो काढला.

दुपारी खात्याच्या कचेरीत दोन्ही फोटो टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. साहेबाने आजच्या फोटोवर बोट टेकवलं.

"तू म्हणतोस तिथेच आज उभा होतास ना?"

"हो, साहेब."

"मग बघ. आज मधे एवढं पाणी दिसतंय. त्या दिवशी दिसत नाही. म्हणजे त्या दिवशी तू तिथे नव्हतास, त्याच्याजवळ होतास."

बिहीने दोन्ही फोटो उचलले. डोळ्यांजवळ नेले, लांब धरले.

"साहेब, जागा बदलली. बघायची जागा बदलली. या पोरीला विचारा. हिला माहीत आहे."

साहेबाने माझ्याकडे पाहिलं. "बाई, जागा बदलल्याने असा फरक पडतो?"

जिलाली खिडकीबाहेर बघत होता. तो माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता, इतकी त्याला खात्री होती.

"थोडाफार पडतो," मी म्हटलं. "इतका नाही."

बिहीने फोटो टेबलावर ठेवले, कडा जुळवून, नीट. मग शिक्का आणि बेटाच्या चौकीची किल्ली खिशातून काढून त्यांच्यावर ठेवली. कुणी मागितली नव्हती अजून.

पुढच्या राखणदाराने कुणाशी वैर घेतलं नाही. तो चौकीत झोपायचा. दोन उन्हाळ्यांत दक्षिणेकडच्या कड्यावरची निम्मी घरटी गेली. जिलालीला पाहुणे घेऊन बेटावर उतरायची मुभा मिळाली, आणि मग एक दिवस तोच माझ्याकडे कुरकुरत आला, "अगं, पक्षी कुठे राहिलेत? रिकाम्या कपारी दाखवू का लोकांना?" मी त्याला पुन्हा काही वापरायला दिलं नाही. हे काही मोठं कर्तृत्व नव्हे.

यिद्दर ईदला घरी आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. मला वाटलं, तो हसेल, पाठ थोपटेल. त्याने ताटातला हात काढून घेतला.

"त्या बिहीचं?" तो म्हणाला. "ताई, तो कारखान्यात आला होता माझ्याकडे, होडी सुटली त्या महिन्यात. फळ्या बदलायला लाकूड देतो म्हणाला. मीच नको म्हटलं. मला कंटाळा आला होता गं या गावाचा. होडी निमित्त झाली."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कधी?"

तोपर्यंत बिही गावात राहिला नव्हता. खूप दक्षिणेला दाखला नावाच्या गावाकडे मासळी सुकवायच्या आवारात कामाला लागला होता, साठीच्या उंबरठ्यावर. त्याची बायको तामू इथेच मागे राहिली. ती भाकरीच्या भट्टीवर लोकांचं पीठ मळून द्यायची. ईदच्या दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडे गेले आणि उभ्या उभ्या सगळं बोलून टाकलं. पुसलेला फोटो, पिशवीतला कन्व्हर्टर, कचेरीतलं माझं वाक्य. ती मळत राहिली. एकदाही वर पाहिलं नाही.

"झालं?" तिने विचारलं.

"मी त्यांना पत्र लिहीन म्हणते. साहेबालाही. मी साक्ष देईन."

आता तिने वर पाहिलं.

"तो परवा फोनवर काय म्हणाला, ठाऊक आहे? म्हणाला, तामू, माझेच डोळे गेले असतील. मला पाणी दिसलं, पण फोटोत नव्हतं, साहेबाने दाखवलं. म्हातारपण आलं, अंतर कळेनासं झालं. तिकडे त्याने चष्मा घेतलाय. रोज सकाळी समुद्रावर जातो आणि खडकांची अंतरं पावलांनी मोजून बघतो, डोळ्यांचा अंदाज बरोबर येतो का ते."

मला बसावंसं वाटलं. तिने बस म्हटलं नाही.

"मग तर त्यांना सांगायलाच हवं," मी म्हटलं. "डोळे चांगले आहेत म्हणून."

"आणि मग? आता तो डोळ्यांवर रागावलाय. डोळ्यांशी माणूस जमवून घेतो. तू सांगितलंस की त्याला कळेल, ज्यांना ठाऊक होतं ते गप्प बसले. त्या वयात ते घेऊन तो कुठे जाईल?" तिने पिठाचा गोळा तोडला. "तुला हलकं व्हायचंय, ते माझ्या नवऱ्याच्या जिवावर नको. तुझं ओझं तूच वाहा, बाई. आणि दारातून सर, उजेड अडतोय."

मी सरले. तिने भाकरी थापून फळीवर टाकली आणि ती करपू नये म्हणून आच बघायला भट्टीकडे वाकली.