गावावरून गेलेली होडी

एलाडिओने तीनदा निरोप धाडला, तरी त्याची म्हातारी आई टेकडीवरची झोपडी सोडेना. पनामा कालव्यासाठी चाग्रेस नदी अडवून अमेरिकनांनी केलेलं तळं वर्षभर बोटबोट चढत होतं आणि खालचं पेन्या क्लारा गाव कधीच पाण्यात गेलं होतं. झोपडीच्या उंबऱ्याला पाणी लागलं, तेव्हा कुठे निकानोरा लेकाच्या होडीत बसली. आता कालव्याने कोलोन शहर गाठायचं, सुनेकडे राहायचं.

टळटळीत दुपार होती. पाण्यावर नुसते झाडांचे शेंडे उरलेले. कुठे मुंग्यांचे काळे गोळे, कुठे वेटोळी घातलेले साप. एका शेंड्यावर ओरडून ओरडून घसा बसलेलं माकड, तोंड उघडत होतं पण आवाज निघत नव्हता.

"डावीकडे घे," निकानोरा म्हणाली.

"का गं? समोर मोकळं तर आहे."

"मोकळं कसलं, मेल्या! समोर सिल्वेरियाचं घर. लोकांच्या घरातून जायचं का?"

एलाडिओ हसला आणि वळला. म्हातारीच्या मनाला तेवढंच बरं. पुढे विहिरीपाशी उजवीकडे, मग चिंचोळ्या गल्लीतून सरळ. मधूनच ती होडीच्या काठावरून वाकायची. "काय गं सिल्वेरिया, भात शिजला का?" मग कान देऊन ऐकायची आणि मान डोलवायची.

एलाडिओला ते बघवेना. एका वळणावर त्याने ऐकलं नाही, होडी सरळ दामटली. कर्रर्र करून तळ घासला. त्याने वल्हं खाली घालून चाचपलं. देवळाच्या छपराची पन्हाळ होती.

"सांगत होते," आई एवढंच म्हणाली.

तळ्यातून समुद्राकडे बोटी उतरवणाऱ्या कालव्याच्या हौदांपाशी बार्बेडोसच्या क्लिफर्डची लाँच थांबली होती. त्याने होडी मागे बांधून घेतली. "आजीबाई, काठ घट्ट धरा हां! तीन पायऱ्या उतरलो की समुद्र."

"मला काय भीती? घरीच तर चाललेय," निकानोरा म्हणाली.

मागची लोखंडी दारं मिटली आणि पाणी गुपचूप खाली जाऊ लागलं. ओल्या भिंती दोन्ही बाजूंनी उंच होत गेल्या. दुसऱ्या हौदात म्हातारीने केस विंचरले, गाठोडं सोडून नवा परकर काढला आणि होता त्यावरच चढवला.

"हे काय आता?"

"गाव आलं ना. चार माणसांत नीट नको जायला?"

तिसऱ्या हौदात, होडीच्या तळाखालून, कोंबडा आरवला. एकदाच, लांबलचक.

भास झाला असेल, असं एलाडिओने मनाला सांगितलं. पण पुढून क्लिफर्ड वळला. "कोंबडा लपवलायस होय रे? मग रश्शात माझा वाटा!"

"कोंबडा नाही आणला."

क्लिफर्डने होडीत नजर फिरवली. एक गाठोडं, एक पातेलं, एक म्हातारी. त्याचं हसू मावळलं.

पाणी उतरतच होतं. कोंबडा पुन्हा आरवला, आता जवळून. निकानोरा उठली आणि ओट्यावरून अंगणात उतरावं तसा तिने पाय काठाबाहेर टाकला. एलाडिओने झेप घालून तिला कवळलं. होडी कलंडून भिंतीवर आदळली.

"सोड! दार उघडं ठेवलंय त्यांनी माझ्यासाठी!"

कधी नव्हे एवढी ताकद तिच्या अंगात आली होती. समोरची दारं फाकून उजेड आत येईपर्यंत त्याने तिला सोडलं नाही. मग ती एकाएकी मऊ पडली. "राहिलं मागे," म्हणाली आणि खाली बसली.

कोलोनला ती चार वर्षं जगली. सुनेशी भांडायची, नातवंडांना केळी तळून द्यायची. गावाचं नाव तिने पुन्हा काढलं नाही.

एलाडिओने मात्र होडी चुलतभावाला देऊन टाकली. आईला धरताना चुलीतल्या ओल्या लाकडांचा धूर त्याच्या नाकात शिरला होता, आणि त्याचाही एक पाय काठावर चढला होता. हे त्याने बायकोलाही सांगितलं नाही. पुढे कामासाठी पनामा शहराला जाताना तो आगगाडीनेच जाई. गाडी तळ्याच्या बांधावर आली की खिडकीतल्या माणसाला म्हणे, "जरा पडदा ओढा हो, डोळ्यांवर ऊन येतंय."