पॅडाआडची बॅट

मी बॅट बोलतेय, क्रिकेटची. लोकांना वाटतं बॅट म्हणजे मारकुटी बाई, समोर येईल त्याला झोडपणारी. खरं सांगू? या घटकेला मी खेळाडूंच्या खोलीत भिंतीला टेकून उभी आहे आणि माझं काळीज लटलट कापतंय. थोड्या वेळात मैदानात जायचंय. तोवर सांगते सगळं. बोलत राहिलं की भीती जरा बाजूला बसते.

मी विलोच्या झाडाची लेक. कारागिरानं मला तासलं, वेताचा दांडा बसवला, जवसाचं तेल पाजलं आणि आठवडाभर लाकडी हातोडीनं ठोकलं. "आत्ता मार खाशील तर पुढे टिकशील," असं म्हणायचा. मेल्याचे शब्द खरे निघाले, पण ते ठोके मी विसरले नाही.

मला घेतलं लंबूनं. सलामीचा फलंदाज, दारातून वाकून आत यायचा, म्हणून लंबू. त्याच्या घरच्या मैदानावरची खेळपट्टी टणक. चेंडू वेगात छातीशी यायचा. मूठ आवळायची आणि मला जोरात पुढे ढकलायचं, एवढंच लंबूला ठाऊक, आणि तेवढं पुरायचं. चार वर्षं मी राणीसारखी राहिले.

मग परक्या मुलखाचा दौरा आला. तिथली खेळपट्टी वेगळीच. वाळून तडकलेली, पाऊल टाकलं की धूळ. चेंडू तिथे येतच नाही लवकर. रेंगाळतो, वाट बघायला लावतो, आणि आला की कुठे वळेल देव जाणे. भोवती चार क्षेत्ररक्षक, दुधाच्या भांड्याभोवती मांजरं बसावीत तसे. सगळ्यात जवळचा आमच्या पायाशीच ओणवा. फिरकीवाल्याची बोटं फिरत नव्हती तेवढी त्या ओणव्याची जीभ फिरायची.

लंबू घाबरला. घाबरलेला माणूस आडोसा शोधतो. त्यानं डावा पाय पुढे टाकला आणि मला पॅडाच्या मागे घेतलं. पोरानं आईच्या पदराआडून बघावं, तशी मी बघतेय.

"अरे लंबू," ओणवा म्हणाला, "बॅट आणलीयस का हॉटेलातच विसरलास?"

चेंडू सरळ आला आणि पॅडावर थाडकन बसला. पायचीत! दुसऱ्या डावात मी बाहेर आले खरी, पण मूठ अशी आवळलेली की माझा श्वास कोंडला. चेंडू माझ्यावर आदळून उडाला तो थेट ओणव्याच्या ओंजळीत. सामना गेला.

आमच्या संघाचे म्हातारे प्रशिक्षक, त्यांना सगळे मामा म्हणतात. त्यांनी लंबूला बाजूला घेतलं. "पुढच्या सामन्यात एकच संधी आहे तुला. तिथेही असाच लपलास, तर तुझी जागा दुसऱ्याला जाईल. मग मीसुद्धा काही करू शकणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी सरावाची खेळपट्टी दाताळ्यानं खरवडून घेतली. सराव करायचा तर सामन्यातल्यासारख्याच खेळपट्टीवर, म्हणाले. मग लंबूकडे वळले.

"पॅडं सोड."

"काय?"

"दोन्ही. सोड म्हणतो ना."

"मामा, नडगी फुटेल माझी!"

"फुटू दे. नसेल फुटू द्यायची तर बॅट आणशील पुढे."

हे ऐकून माझी पाचावर धारण बसली. आता आडोसाच नाही! पहिला चेंडू नडगीवर. लंबू एका पायावर नाचला. दुसराही तिथेच. तिसऱ्याला मात्र मीच पुढे गेले, अक्षरशः डोळे मिटून. टक्. फारसं लागलं नाही हो!

"आता ऐक," मामा म्हणाले. "चेंडू पडतो तिथपर्यंत तरी जा, नाहीतर पार मागे जा. अर्ध्यात उभा राहिलास की मेलास. आणि मूठ सैल. तान्हं बाळ उचलतोस तशी धर तिला."

"भाच्याला उचललं होतं एकदा. भोकाड पसरलं त्यानं."

"घट्ट धरला असशील!"

तीन दिवस हेच. लंबूच्या नडग्या वांग्यासारख्या झाल्या.

दुसऱ्या सामन्याचा शेवटचा दिवस. आमचे नऊ गडी बाद. जिंकायचं नावच सोडा, दिवस मावळेपर्यंत टिकायचं. लंबू सकाळपासून उभा. मधे एक चेंडू खालून सरपटत आला आणि माझ्या पायाला, म्हणजे खालच्या टोकाला, तडा गेला. कळ दाबून उभी राहिले.

शेवटचं षटक, शेवटचा चेंडू. खड्ड्यात पडला आणि सापासारखा उसळून माझ्या खांद्याला लागला. संपलं, वाटलं मला. पण मूठ सैल होती. चेंडूचा जोर माझ्यातच विरला आणि तो मऊ होऊन ओणव्याच्या बोटांपुढे वीतभर पडला. तो झेपावला, पण हातात आली ती धूळ.

तोंडातली माती थुंकत तो म्हणाला, "कुठे शिकलास रे हे?"

"नडगी फोडून घेतली, बाबा."

सामना अनिर्णित राहिला आणि लंबूची जागा वाचली.

आज तिसरा, शेवटचा सामना. खेळपट्टी आणखी कोरडी आहे म्हणतात. पिशवीत दोन नव्या बॅटी आहेत, गुळगुळीत, तरण्याताठ्या. तरी लंबूनं काल माझ्या तड्यावर चिकटपट्टी गुंडाळली. माणसाला सवयीचं सोडवत नाही. अरे, तड्यावर एक जोराचा बसला तर मी दुभंगेन रे! पण माझी भीती वेगळीच आहे. तुटायचं ते तुटेन, उघड्यावर तुटेन. पुन्हा त्या पॅडामागच्या अंधारात तेवढं नेऊ नकोस मला.

पॅडांचे पट्टे आवळल्याचा आवाज येतोय. बाहेर पंच निघाले. मामा दारात उभे आहेत.

आला. माझ्या दांड्यावर हात आला. घामानं ओला आहे.

पण मूठ सैल आहे.