गुणाची मांजर

शिंपीणकाकूंच्या दोन्ही मांजरी काळ्याकुळकुळीत, सख्ख्या बहिणी. लसीच्या दिवशी टोपलीत जी आधी उडी मारेल ती आज, दुसरी आठवड्याने, हा काकूंचा शिरस्ता. यंदा दुसऱ्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी टोपलीतल्या मांजरीच्या कानावरची खाच बरोबर ओळखली.

"काकू, हिला गेल्या आठवड्यातच टोचलंय. दुसरी कुठाय?"

दुसरी घरी शिलाई मशीनमागे दडली होती. बहिणीचं खाऊन उरेल ते निमूट चाटायची, म्हणून काकू तिला गुणाची म्हणत. उचलल्यावर हाताला बरगड्या लागल्या.

"तोंड नव्हतं का गं तुला?" काकू करवादल्या. मग तिच्यासाठी वेगळी ताटली मांडून, पहिलीला मांडीत दाबून धरून बसल्या.

चौघी बहिणींत आई काकूंनाच गुणाची म्हणायची.