काट्याची जागा

माझ्या साडूला लोक डॉक्टर म्हणतात. शिकलाय माझ्याइतकाच, म्हणजे फारसा नाही. पण पांढरा कोट घालतो, मीटरला एक लांब सळई टेकवून तिचं दुसरं टोक कानाशी धरतो आणि गिऱ्हाइकाकडे न बघता "हं, हं" करतो. एवढ्या भांडवलावर डॉक्टर! मीही पस्तीस वर्षं जुन्या गाड्यांचे स्पीडोमीटरच दुरुस्त करतोय. मला लोक "अहो मीटरवाले" अशी हाक मारतात.

आमच्या बायका सख्ख्या बहिणी. काम आम्ही दोघंही सासऱ्यांच्या हाताखाली शिकलो, एकाच दुकानात, समोरासमोरच्या टेबलांवर. मी थोरला जावई, त्याच्या दोन वर्षं आधी आलेला. तरी तपासणीचं मशीन सासऱ्यांनी एके दिवशी उचलून धाकट्याच्या टेबलावर ठेवलं. ते मशीन ठरावीक वेगानं फिरतं. त्याला मीटर जोडलं की ते खरं बोलतंय की थापा मारतंय ते जागच्या जागी कळतं. मी विचारलं, "त्याला का?" सासरे म्हणाले, "त्याचा हात शांत आहे." बस्स. त्या दिवसापासून तो माझ्या डोळ्यांत खुपतो. मी ते लपवतही नाही.

सासरे गेले, जुनं दुकान बंद झालं, आम्ही दोन गल्ल्यांच्या अंतरावर आपापली दुकानं काढली. त्याच्या दुकानाला काचेचा दरवाजा आहे. माझं शटर अर्ध्यावर अडकतं, त्यामुळे गिऱ्हाईक मान वाकवून आत येतं. मशीन नसल्यानं मी मीटर गाडीत बसवतो, हमरस्त्यावर जातो आणि किलोमीटरच्या दोन दगडांमध्ये घड्याळ लावून वेग मोजतो. बायको म्हणते, "अहो, भाऊजींकडे जाऊन पाच मिनिटांत तपासून आणा की. ते काय नाही म्हणणारेत?" तेच तर दुखणं आहे. तो नाही म्हणणार नाही.

तर परवा सकाळी एक बाई मान वाकवून आत आल्या. सत्तरीच्या असतील. हातात टॉवेलात गुंडाळलेलं मीटर. बाहेर फुगीर मडगार्डची काळी गाडी उभी होती, पन्नास वर्षांहून जुनी, पण अशी पुसलेली की तिच्यात माझं अडकलेलं शटरही दिसत होतं.

"भाऊ, मी आयुष्यभर नर्सची नोकरी केली," त्या स्टुलावर बसत म्हणाल्या. "घासाघीस मला येत नाही, पण कुणी फसवलं तर कळतं. याचा योग्य भाव सांगा."

"आधी कुठं दाखवलंत?"

"तिकडे डॉक्टरांकडे. दिवसभर ठेवून घेतलं आणि संध्याकाळी म्हणाले, सात हजार होतील. मी म्हटलं, फार होतात. तर म्हणाले, पटत नसेल तर दोन गल्ल्या सोडून विचारा."

सात हजार! मला आतून गुदगुल्या झाल्या. वर मला टोमणा, की जा, तिकडं स्वस्तातलं दुकान आहे. म्हटलं, थांब. आज तुझा कोट उतरवतो.

"अडीच," मी म्हणालो. "आणि तुमच्या डोळ्यांदेखत. तक्रार काय आहे?"

"काटा थरथरतो हल्ली. पण खरी गंमत वेगळीच आहे. मीटर पन्नास दाखवतं आणि रिक्षावालेसुद्धा मला मागे टाकून जातात. गेल्या महिन्यात भाच्यानं त्याची गाडी माझ्या बरोबरीनं चालवली. माझ्या मीटरवर पन्नास, त्याच्या मीटरवर छत्तीस." त्या जरा थांबल्या. "आमचे हे गेल्या वर्षी गेले. सगळे त्यांना गोगलगाय म्हणायचे. पन्नासच्या वर गाडी न्यायची नाही, असा त्यांचा नेम होता. तीस वर्षं आम्ही प्रत्येक लग्नाला जेवणाच्या वेळेला पोचलो. आणि मीही त्यांना बोलायचे हो. म्हणजे ते बिचारे छत्तीसनंच जात होते."

मी मीटरची काच धरून ठेवणारी पितळी कडी उचकटून बाजूला ठेवली. ती नुकतीच कुणीतरी उघडून परत बसवली होती. डॉक्टरनंच, भाव ठरवायला. आतलं ग्रीस वाळून मेणासारखं झालं होतं, म्हणून थरथर. ते किरकोळ होतं. खरा घोळ काट्यात होता. मीटरमध्ये केसासारखी बारीक स्प्रिंग असते, ती काट्याला मागं खेचते. काटा शून्याच्या बराच खाली बसवायचा आणि मग उचलून शून्याच्या खिळ्यावर टेकवायचा, म्हणजे स्प्रिंगला ताण राहतो. इथं कुणीतरी काटा जवळजवळ शून्यावरच बसवला होता. स्प्रिंग ढिली, काटा मोकाट.

माझं तोंड सुटलं. "बघा! बघा ताई, याला म्हणतात पाट्या टाकणं. अंदाजानं ठोकून दिलाय. ज्यानं हे केलं त्याला मीटर नाही, बैलगाडीचं चाकसुद्धा हातात देऊ नये. यजमानांनी कुणाला दिलं होतं हे?"

"मला नाही माहीत. तीस वर्षांपूर्वी इकडेच कुठलंसं दुकान होतं म्हणे."

इकडे तेव्हा एकच दुकान होतं. मी कडी उजेडात धरली. आमच्या सासऱ्यांचा दंडक होता, काम झालं की कडीच्या आतल्या बाजूला टोच्यानं तारीख आणि आपली खूण कोरायची. सासऱ्यांची खूण गोल, डॉक्टरचा त्रिकोण, माझी फुली. मीटर परत आलं तर आधी खूण बघायची. ज्याची खूण, मीटर त्याच्याकडेच जाणार, आणि त्यानं ते फुकट करायचं.

कडी सगळी काळी पडली होती. खुणेपुरती जागा मात्र लख्ख होती, जणू कुणी आत्ताच बोटानं पुसली होती. तेव्हा ते माझ्या डोक्यात शिरलं नाही, कारण मी तारीख वाचत होतो. ती तारीख मला लग्नाच्या तारखेहून पक्की पाठ आहे. मशीन त्याच्या टेबलावर गेलं तो दिवस. आणि तारखेशेजारी फुली.

सगळं आठवलं. समोर चार पावलांवर मशीन होतं. पण त्याच्या टेबलाशी जाऊन उभं राहायचं? मेलो तरी नाही. काटा मी अंदाजानं ठोकला, खूण कोरली आणि जेवायला निघून गेलो.

"काय झालं?" बाई म्हणाल्या. "कुणाची खूण आहे ती? डॉक्टरांची?"

हो म्हणायला मला एक क्षणही लागला नाही. "हो," मी म्हणालो. "त्याचीच."

"अगं बाई! म्हणजे स्वतः बिघडवायचं आणि वर सात हजार मागायचे? उद्या जातेच मी त्यांच्याकडे. चारचौघांत विचारते."

खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. काचेचा दरवाजा, आत चार गिऱ्हाइकं आणि मध्ये या बाई. मी ग्रीस खरवडायला घेतलं तेव्हा शीळसुद्धा घालत होतो. यंत्र धुतलं, तेलाचा एक थेंब सोडला, आणि काटा बसवायला तबकडी सुलटी केली.

कडीखाली झाकली जाते त्या जागी पेन्सिलीचा ठिपका होता. शून्याच्या खाली, बरोबर जिथं काटा बसायला हवा तिथं. बारीक, टोकदार पेन्सिलीचा, ताजा. असा ठिपका अंदाजानं देता येत नाही. मीटर मशीनवर लावून, वेग कमीजास्त करत, पुन्हा पुन्हा तपासल्यावरच ती जागा सापडते. दिवसभर लागतो.

दिवसभर ठेवून घेतलं होतं त्यानं.

सात हजार त्याला नकोच होते. सात हजार ऐकून बाई उठाव्यात आणि माझ्याकडे याव्यात, एवढ्यासाठी सांगितले. खूण बघितली, तारीखही ओळखली असेल, आणि बाईंना चकार शब्द बोलला नाही. वर माझ्याकडे मशीन नाही म्हणून ठिपकाही देऊन ठेवला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माणसानं निदान हलकट तरी असावं! तेवढीही सोय ठेवली नाही त्यानं.

काटा ठिपक्यावर दाबला. वर उचलून खिळ्यावर टेकवला. मग हात पुसले.

"ताई, डॉक्टरकडे जाऊ नका. खूण माझी आहे."

त्यांनी पुढं वाकून कडीवरची फुली बघितली.

"मघाशी खोटं बोललो. तो गाढव मीच. यजमानांची काही चूक नव्हती. काटा मी चुकीचा बसवला होता."

त्यांनी टॉवेलाची घडी केली, मोडली, परत केली. "आज असते तर चिडले असते," त्या म्हणाल्या. "मग सगळ्या नातेवाइकांना फोन केले असते." आणि डोळ्यांना टॉवेल लावला. मी खाली बघून स्क्रू मोजले.

मीटर कडीशिवायच गाडीत बसवून आम्ही निघालो. वाटेत काचेचा दरवाजा लागला. आत तो सळई कानाला लावून बसला होता. गाडी ओळखून त्यानं मान वर केली, शेजारच्या सीटवर मला बघितलं आणि परत मान खाली घातली. हमरस्त्यावर दोन दगडांमध्ये मी घड्याळ लावलं. मीटर पन्नास म्हणत होतं, घड्याळही पन्नास म्हणत होतं. बाईंनी जरा पाय दाबला, पंचावन्न झाले, आणि त्या घाबरून हसल्या.

दुकानात परत आल्यावर म्हणाल्या, "हं, अडीच ना?"

"काही नाही. ज्याची खूण त्यानं फुकट करायचं. हाच योग्य भाव."

त्यांनी पर्स मिटली. कडी दाबून बसवायच्या आधी मी टोच्या घेतला. जुन्या फुलीखाली आजची तारीख कोरली, शेजारी नवी फुली. ग्रीस मी काढलं होतं, तेवढी फुली माझी होती. पण काट्याची जागा माझी नव्हती. ज्याचं काम त्याची खूण, दंडक म्हणजे दंडक. बाई बघत नव्हत्या, कुणीच बघत नव्हतं. मी टोच्या परत टेकवला आणि फुलीशेजारी त्रिकोण काढला.

तिन्ही रेघा सरळ आल्या. हात जरासुद्धा हलला नाही, आणि त्याचाच मला जास्त राग आला.