जवाईबापूंचा डेटाबेस

पंकजला या कामातून काय मिळणार होतं, ते आधी मांडून ठेवू. हैदराबादची भाड्याची खोली सुटणार होती. आईच्या हातची ज्वारीची भाकरी रोज ताटात पडणार होती. आणि आदिलाबादेत बसूनही कंप्युटरवर पोट भरता येतं, हे गल्लीला दाखवता येणार होतं. ही तिसरी बाब तो कधी बोलून दाखवत नसे. म्हणून तीच सगळ्यांत मोठी धरावी.

काम असं होतं: अमृतराव ज्या कापूस उत्पादक कंपनीचे अध्यक्ष, तिला खरेदी केंद्रांसाठी वेबसाइट हवी होती. शेतकऱ्याचं नाव, कापसाचं वजन, सगळं तिच्यावर चढायचं. नार्नूरच्या केंद्रावर ती नीट चालली, तर बाकीची केंद्रंही पंकजची. नाही चालली, तर काम हैदराबादच्या मोठ्या फर्मकडे, आणि त्यामागोमाग पंकजही हैदराबादला.

पंकज आणि त्याच्यासोबत काम करणारी मुधोळची नीलिमा यांनी लागणाऱ्या सगळ्या प्रोग्रामांचा एक तयार संच बांधायचं ठरवलं. खाली लिनक्स, त्यावर वेब सर्व्हर, नोंदी साठवायला डेटाबेस, वर पायथन. कुठल्याही केंद्रावर न्यायचा आणि एकदम बसवून टाकायचा.

इथवर सगळं अकलेने चाललं होतं. मग बैठक झाली.

बैठकीला पंकजची बहीण रूपाली हिचे यजमान, देवानंद, नागपूरहून आले होते. मोठ्या कंपनीत नोकरी. सासुरवाडीत त्यांचं मत घेतलं नाही, तर का घेतलं नाही यावर पुढचं वर्ष जायचं. ते म्हणाले, "डेटाबेस घ्यायचा तर मायएसक्यूएल. दुसरा विचारच नको." कंपनीला गोदाम ज्यांनी दिलं त्यांचा मुलगा व्यंकटेश म्हणाला, "नको अण्णा, पोस्टग्रेस घ्या. माझे सगळे दोस्त तेच वापरतात."

अमृतरावांना दोन्हीतलं काही कळत नव्हतं, पण माणसं कळत होती.

"कायले भांडता बाप्पा? दोन्ही ठेवा. लग्नात एका व्याह्याले शेला अन् दुसऱ्याले टावेल देता येते काय?"

पंकज हो म्हणाला. शेतकऱ्यांची नावं भाऊजींच्या डेटाबेसात ठेवली, वजनं व्यंकटेशच्या.

बाहेर आल्यावर नीलिमा म्हणाली, "काऊन पण? दोन्ही चांगलेच हायेत. म्हणून तर एकच घ्याचा."

"मान ठेवा लागते, नीलिमा."

"ठेवा ना. पण नार्नूरच्या त्या जुन्या मशीनवर कायले ठेवता?"

खरेदी सुरू झाली आणि नार्नूरला लाईट गेली. परत आली तेव्हा कंप्युटर उठला खरा, पण दोन डेटाबेसांचं ओझं त्याला एकदम पेलेना. व्यंकटेशचा जागा झाला, भाऊजींचा झोपूनच राहिला. केंद्र सांभाळणाऱ्या चंपतने फोन लावला.

"पंकजभाऊ, कापूस हाय, शेतकरी नाई."

"मंजे?"

"मंजे आवारात गाड्या उभ्या हायेत, मालक चाय पिऊन राह्यले, अन् तुमचं मशीन म्हणते की वजन हाय पण कोणाचं ते मले माईत नाई. आता त्यायले काय सांगू? तुमी जन्मलेच नाई म्हणू?"

त्या दिवशी नावं कागदावर लिहून घेतली. संध्याकाळी अमृतराव स्वतः पंकजकडे आले, चहा प्याले आणि उठताना म्हणाले, "सोमवारपर्यंत सुधरव. नाई तर मले हैदराबादले फोन करा लागते. राग नको मानू, बेटा."

नीलिमाने हिशेब सरळ मांडला. नावं हलवायला एक दुपार पुरेल, वजनं हलवायला सोमवार उलटून जाईल. म्हणजे काढायचा तो भाऊजींचा.

पंकजची आई कौशल्याबाई भाकरी थापत ऐकत होती. "जवाईबापूंचं काढता? लोकं काय म्हणतीन?"

"नाई काढलं तर मी चाललो, आई."

तिने तव्यावरची भाकरी उलटली. "मंग काढ. पण मी नाई सांगणार त्यायले."

पंकजनेच फोन केला. "भाऊजी, तुमचा डेटाबेस उत्तमच आहे, पण…"

"पणच्या आधीचं सगळं गोडच असतं, पंकजराव. काढा की. माझं काय जातं?"

असं म्हणणाऱ्याचं बरंच जात असतं.

सोमवारी नार्नूरला लाईट गेली, आली, पुन्हा गेली, पुन्हा आली. दर वेळी वजनाशेजारी नाव जागच्या जागी होतं. अमृतरावांनी बाकीची केंद्रं पंकजला दिली.

आता जमाखर्च. पंकज घरी राहिला. भाकरी रोज मिळते आणि गल्लीही विचारपूस करते. नीलिमाला हवा तसा संच मिळाला. अमृतरावांनी कुणालाच नाही म्हटलं नव्हतं, त्यामुळे ते सगळ्यांचेच चांगले राहिले. तो संच आपणच निवडला, असं व्यंकटेश भेटेल त्याला सांगतो. देवानंदांचा मान गेला, पण तो तोटा त्यांनी आपल्या खात्यावर फार दिवस राहू दिला नाही. संक्रांतीला आदिलाबादला यायचं नाही, असं त्यांनी जाहीर केलं, आणि नवऱ्याशिवाय माहेरी गेलं की चार जण चार प्रश्न विचारतात, म्हणून रूपालीने भरलेली बॅग रिकामी केली.

डेटाबेस म्हणजे काय, हे तिला अजून कुणी सांगितलेलं नाही. भरणा मात्र तिनेच केला.